आईच्या हिरड्यांतून रक्त येतं. सफाई केली तर दात ढिले होतील का?

सुदामा नगरहून एका भाऊंनी विचारलं आहे. आई ५८ वर्षांच्या. दहा वर्षांपासून शुगर, बीपीचीही गोळी चालू. ब्रश करताना रक्त यायला लागलं म्हणून वर्षभरापूर्वी त्यांनी ब्रशच सोडला. आता बोटाने लाल दंतमंजन लावतात आणि वरून मीठ-तेल चोळतात. खालचे समोरचे दोन दात हलतात, तोंडाला वास येतो. डॉक्टरांनी आधी डीप क्लीनिंग आणि गरज पडली तर फ्लॅप सर्जरी, म्हणजे हिरडी उघडून सफाई, सांगितली आहे. पण मावशींनी सफाई करून घेतली तेव्हा त्यांच्या दातांत फटी पडल्या, दात ढिले झाले, म्हणून आई तयार नाहीत. सफाई करावी की सगळे दात काढून एकदाची कवळी बसवावी, असा प्रश्न आहे. शेवटी जाता जाता लिहिलं आहे, "माझ्याही हिरड्यांतून कधीमधी रक्त येतं, पण थोडंच."

मी हिरड्यांचीच डॉक्टर आहे, इंदूरला २३ वर्षं हे काम करते आहे. तुमच्या आईंसारख्या बायका आठवड्याला दोन-तीन तरी येतात आणि जवळजवळ प्रत्येकीची गोष्ट याच वळणाने गेलेली असते: रक्त दिसलं, भीती वाटली, ब्रश थांबवला. म्हणून सफाई करावी की नाही याच्या आधी हे रक्त कुठून येतं ते सांगते. ते कळलं की पुढचा निर्णय आई स्वतःच घेऊ शकतील.

रक्त ब्रशमुळे येत नाही. निरोगी हिरडीवर मऊ ब्रश फिरवला तर रक्त येत नाही, जसं हाताला साबण लावून चोळलं तर येत नाही. दातांवर, खास करून हिरडीच्या कडेला, रोज जंतूंचा एक चिकट पांढरट थर जमतो. नखाने खरवडला तर नखावर साय आल्यासारखा दिसतो. याला प्लाक म्हणतात. तो तिथेच राहिला की शरीर त्याच्याशी लढायला त्या जागी रक्तपुरवठा वाढवतं. हिरडी सुजते, लाल होते आणि तिचं आतलं अस्तर इतकं नाजूक होतं की ब्रशचा केस लागला तरी रक्त येतं. म्हणजे रक्त आलं ती जागा अस्वच्छ राहिली आहे, तिथे ब्रश जास्त काळजीने फिरायला हवा. आपण नेमकं उलट करतो. ब्रश सोडला की रक्त दिसत नाही म्हणून बरं वाटतं आणि थर वाढत राहतो.

हाच थर लाळेतल्या क्षारांमुळे साधारण दोन आठवड्यांत दगडासारखा कडक होतो. ते कीटण. एकदा कडक झालं की ब्रशने निघत नाही, मिठाने नाही, लिंबानेही नाही. जिभेखाली लाळग्रंथींची तोंडं उघडतात, त्यामुळे खालच्या समोरच्या दातांच्या आतल्या बाजूला ते सर्वात जास्त साचतं. आईंचे हलणारे दात नेमके तेच आहेत.

इथपर्यंतचा आजार फक्त हिरडीचा असतो आणि पूर्ण बरा होतो. पुढे काही जणांत सूज खाली उतरते. हिरडी दातापासून सुटते, मध्ये खिसा तयार होतो, खिशात जंतू आणि कीटण खोल जातं आणि दाताला धरून ठेवणारं हाड हळूहळू झिजतं. याला आपल्याकडे सगळे पायरिया म्हणतात. सुरुवातीची कितीतरी वर्षं तो दुखत नाही. कीड लागलेला दात रात्री झोपू देत नाही, म्हणून माणूस दवाखान्यात येतो. पायरियाचा रुग्ण दात हलायला लागल्यावर, हिरडीला गळू आल्यावर किंवा "दात लांब दिसायला लागले" म्हणून येतो, तेव्हा बरंच हाड गेलेलं असतं.

आता मावशींच्या दातांचं. मावशी खोटं सांगत नाहीत, त्यांना तसंच जाणवलं असणार. गेल्या महिन्यात रामबागेतल्या एक काकू आल्या होत्या. खालच्या सहा दातांच्या मागे मी हात-आरसा धरला आणि त्यांना दाखवलं. दात दिसतच नव्हते. पिवळसर तपकिरी रंगाची एक सलग भिंत होती, सहाही दातांना एकत्र बांधून टाकलेली आणि हिरडीच्या खालपर्यंत गेलेली. स्केलरने, म्हणजे कीटण काढायच्या अवजाराने, ती सोडवली तेव्हा डाळीच्या दाण्याएवढे तुकडे निघाले. काकूंनी चूळ भरली, जीभ मागे नेली आणि घाबरून म्हणाल्या, "डॉक्टर, इथे भोक पडलं." भोक पडलं नव्हतं. दातांमधली ती जागा पूर्वी हिरडीने आणि हाडाने भरलेली होती, हाड झिजल्यावर तिथे कीटण बसलं आणि कीटण निघाल्यावर रिकामी जागा जिभेला लागली. दात ढिले वाटतात तेही त्यामुळेच. हाड आधीच गेलेलं असतं आणि ती दगडी भिंत दातांना एकमेकांचा खोटा आधार देत असते. सुजलेली हिरडी सफाईनंतर आकसते, म्हणून फटी जास्त दिसतात, आणि काही आठवडे थंड पाण्याची झिणझिणीही होते. हे सगळं सफाईच्या आधी, आरसा हातात देऊन सांगणं हे आमचं काम आहे. ते राहून जातं आणि मग एका मावशीच्या अनुभवावरून चार घरांतल्या लोकांचे उपचार अडतात. मावशींना कुणी हे आधी दाखवलं असतं तर आज तुमच्या आई एवढ्या घाबरल्या नसत्या.

शुगरबद्दल थोडं थांबून बोलते, कारण आईंच्या बाबतीत अर्धा प्रश्न तिथेच आहे. शुगर आटोक्यात नसेल तर जंतूंशी लढायची ताकद कमी होते, जखम उशिरा भरते, लाळ कमी होते आणि हाड लवकर झिजतं. उलट दिशेनेही तसंच आहे. खोल खिसे असलेल्या माणसाच्या सगळ्या खिशांचं आतलं अस्तर उलगडून मांडलं तर आठ-दहा चौरस सेंटीमीटरची कच्ची जखम सहज भरेल. एवढी सूज शरीरात कायम राहिली की इन्सुलिनचं काम बिघडतं. मधुमेह असलेल्यांच्या हिरड्यांचे उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची शुगर दाखवणारी तपासणी) सरासरी ०.४ च्या आसपास कमी होतो, असं अनेक चाचण्या एकत्र करून दिसलं आहे. हे आईंच्या शुगरच्या डॉक्टरांना जरूर सांगा. सफाईला जाताना ताजा एचबीएवनसीचा रिपोर्ट न्या. सकाळची वेळ घ्या. नाश्ता आणि गोळी नेहमीप्रमाणे घेऊनच जायचं, दाताच्या डॉक्टरकडे जायचं म्हणून उपाशी राहायचं नाही.

बीपीची गोळी कोणती तेही बघा. अ‍ॅम्लोडिपिन किंवा निफेडिपिन असेल तर काही जणांची हिरडी त्या औषधाने वाढते, दातांवर चढल्यासारखी जाड होते आणि तिच्याखाली सफाई होत नाही. तसं दिसलं तर दाताचे आणि बीपीचे डॉक्टर आपसात बोलून गोळी बदलू शकतात. मनाने बंद करू नका. हेच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर आम्हाला सांगा, पण सफाईसाठी म्हणून ती स्वतः थांबवू नका.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, ती विचारावी लागेल. आई मिश्री लावतात का, किंवा तंबाखू, सुपारी तोंडात असते का? मोठ्या बायका हे मुलासमोर बोलत नाहीत. आपल्या मध्य प्रदेशात २०१२ च्या एप्रिलपासून गुटख्यावर बंदी आहे, पण पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन माणसं हातावर एक करतात, आणि घरात भाजलेल्या तंबाखूची मिश्री तर दंतमंजन समजूनच वापरली जाते. सिगारेट-बिडी ओढणाऱ्याची हिरडी आणखी फसवते. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्त कमी येतं आणि आतून हाड जात राहतं. आईंना रक्त येतंय, निदान इशारा तरी मिळतोय.

दात वाचतील का? हे मी न बघता सांगू शकत नाही, आणि कोणी न बघता सांगत असेल तर त्यावर विसंबू नका. आजाराचा वेग माणसागणिक फार वेगळा असतो. श्रीलंकेतल्या चहामळ्यांतल्या ४८० मजुरांना १९७० पासून १५ वर्षं तपासत राहिले होते. ती माणसं ब्रश करत नव्हती, दाताचा डॉक्टर त्यांनी पाहिला नव्हता, सगळ्यांच्या दातांवर कीटण होतं. तरी ८ टक्क्यांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा सावकाश आणि ११ टक्क्यांचा हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. म्हणून "आमच्या आजोबांनी कधी ब्रश केला नाही, ९० व्या वर्षी सुपारी फोडायचे" हे खरंही असू शकतं, पण आजोबा त्या ११ टक्क्यांत होते म्हणून नातू असेलच असं नाही. आईंचा वेग कळायला दोन गोष्टी लागतात: एक्स-रे, आणि प्रोब नावाच्या खुणा केलेल्या बारीक सळईने खिशांची खोली मोजणं. प्रत्येक दाताला सहा ठिकाणी. ३ मिलीमीटरपर्यंत ठीक, ४ च्या वर खिसा, ६-७ झाला की गंभीर. हे आकडे कागदावर लिहिलेले मागून घ्या. आकडे न लिहिता थेट सर्जरी सांगितली असेल तर आधी मोजून द्या म्हणावं. त्यात संकोच वाटायचं कारण नाही.

डीप क्लीनिंग म्हणजे त्या जागेला बधिर करून, हिरडीच्या खाली मुळावर बसलेलं कीटण काढून मूळ साफ करणं. मी सहसा दोन ते चार वेळा बोलावते, तोंडाचा एकेक भाग घेते. मशीनचं टोक सेकंदाला २५ हजारांहून जास्त वेळा थरथरतं आणि त्या थरथरीने कीटण फुटून सुटतं. ते दाताला घासत नाही, त्यामुळे "मशीनने दाताचं पॉलिश जातं" या भीतीला आधार नाही. मग सहा ते आठ आठवडे थांबते आणि पुन्हा मोजते. पुष्कळ खिसे तेवढ्यानेच उथळ होतात, हिरडी घट्ट होते, हलणारा दातही सूज उतरल्यावर थोडा स्थिरावतो. उरलेल्या खोल खिशांसाठीच फ्लॅप, म्हणजे हिरडी थोडी उघडून आतलं डोळ्यांनी बघत साफ करणं आणि टाके. तुमच्या डॉक्टरांनी "आधी सफाई, गरज पडली तर फ्लॅप" हा जो क्रम सांगितला आहे, तो बरोबर आहे. शुगर फार वाढलेली असेल तर मी फ्लॅप थांबवते आणि सफाईवरच आधी जोर देते.

गेलेलं हाड बहुतेक ठिकाणी परत येत नाही. काही विशिष्ट आकाराच्या खड्ड्यांत थोडं भरून आणता येतं, बाकी ठिकाणी आम्ही आहे तेवढं टिकवतो. हलणारे दोन दात शेजारच्या दातांना आतून बारीक तारेने किंवा फायबरने बांधता येतात, म्हणजे चावताना त्रास होत नाही. त्यातला एखादा जाणारच असेल तर तो एकटा काढावा. सगळे काढून कवळी हा विचार मात्र मनातून काढा, असं मी आग्रहाने सांगते. खालची कवळी मुळात कमी टिकते, हाड झिजलेल्या जबड्यावर आणखी कमी, आणि शुगरच्या कोरड्या तोंडात ती घासून जखमा करते. ५८ हे वय भाकरी चावून खायचं आहे. २८ पैकी दोन दात हलतात म्हणून बाकीचे २६ कोणी काढत नाही.

औषधांचं थोडक्यात. नुसत्या अँटिबायोटिकने पायरिया बरा होत नाही. कीटण तसंच राहिलं तर गोळ्या संपल्यावर सगळं परत येतं. ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या सफाईनंतर दोन आठवडे चांगल्या, दिवसातून दोनदा १० मिली, पेस्ट लावल्यावर अर्ध्या तासाने. महिनोन्‌महिने वापरल्या तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जिभेची चव बिघडते. कोमट मीठपाण्याने चूळ भरली तर आराम पडतो, तो आईंनी खुशाल घ्यावा. मीठ-तेल बोटाने चोळण्यात मोठी अडचण ही की बोट दोन दातांच्या मध्ये जातच नाही आणि आजार तिथूनच सुरू होतो. खरखरीत मीठ आणि लाल मंजन उघड्या पडलेल्या मुळांना झिजवतं, ते बंद करावं.

आता ब्रश. यावर मी प्रत्येक रुग्णाजवळ दहा मिनिटं घालवते, कारण पुढची सगळी वर्षं याच्यावर उभी आहेत. सॉफ्ट लिहिलेला, छोट्या डोक्याचा ब्रश घ्या. आईंच्या मागे उभं राहून, आरशात बघत, त्यांच्या हातावर हात ठेवून एकदा करून दाखवा. केस दातांवर सरळ ठेवायचे नाहीत, हिरडी आणि दात जिथे मिळतात त्या रेषेवर तिरके टेकवायचे, निम्मे हिरडीवर, निम्मे दातावर. दाब इतकाच की हिरडी किंचित फिकी पडेल. मग जागेवरच थरथरवल्यासारखं आठ-दहा वेळा हलवायचं आणि दोन दात पुढे सरकायचं. खालच्या समोरच्या दातांच्या आतून ब्रश उभा धरायचा, टाचेकडचे, म्हणजे दांड्याजवळचे, केस लावायचे. ही जागा जवळजवळ सगळ्यांची राहते. आईंच्या दातांत आता फटी आहेत, म्हणून दातांत फिरवायच्या धाग्यापेक्षा बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा छोटा इंटरडेंटल ब्रश जास्त उपयोगी. मेडिकल स्टोअरमध्ये मिळतो, मापं वेगवेगळी असतात, कोणत्या फटीला कोणतं हे डॉक्टरांकडूनच बघून घ्या. घट्ट बसून थोडा अडला पाहिजे, जोर करावा लागता कामा नये.

पहिला आठवडा रक्त जास्त दिसेल. हे आईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या चौथ्या दिवशी ब्रश परत ठेवून देतील. बेसिनमध्ये लाल दिसलं तरी चालू ठेवायचं. सफाई झालेली असेल तर आठ-दहा दिवसांत ते उतरतं.

रात्रीचा ब्रश सकाळच्यापेक्षा महत्त्वाचा आहे. झोपेत लाळ खूप कमी होते आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. आपल्या इंदूरची गंमत रात्री सुरू होते, सराफ्यातल्या खाऊगल्लीत ११ वाजता गराडू आणि वर रबडी खाऊन माणूस घरी येतो आणि सरळ आडवा होतो. खा, पण ब्रश करून झोपा. सकाळी पोहे-जिलबीच्या आधी करता तो राहिला तरी एकवेळ चालेल.

काही खुणा दिसल्या तर मात्र वाट बघू नका. अचानक सगळ्या हिरड्या सुजून आपोआप रक्त गळतंय, सोबत ताप, थकवा, अंगावर निळे डाग असं असेल तर आधी रक्ताची तपासणी करून घ्या. रक्ताचे काही आजार आणि डेंग्यू हिरड्यांतून बोलतात. शुगर असलेल्या माणसाच्या हिरडीला गळू आलं, गाल सुजला, तोंड उघडेना, तर त्याच दिवशी दाखवा.

आता तुमचं स्वतःचं "थोडंच" रक्त. डेन्मार्कमध्ये आरहूस इथे १९६५ साली हाराल्ड लो यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण थांबवायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाची हिरडी सुजली. घासणं परत सुरू केल्यावर आठवडाभरात सगळ्यांची पूर्ववत झाली. तुम्ही आज त्या प्रयोगाच्या मधल्या टप्प्यावर आहात, हाड अजून शाबूत असण्याची शक्यता खूप आहे. आईंची आहे तशी आजाराची वृत्ती घराण्यात उतरू शकते, म्हणून आईंना घेऊन जाल त्याच दिवशी स्वतःच्याही हिरड्या मोजून घ्या.

खर्चाची अडचण असेल तर एमवाय हॉस्पिटलजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात जा. वेळ जास्त लागतो, रांग असते, पण तिथे हिरड्यांचा वेगळा विभाग आहे आणि मोजमाप नीट होतं. सफाई झाल्यावर पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी आईंना परत न्यायचं आहे. खिशात जंतू तेवढ्या वेळात पुन्हा जमतात, म्हणून तीन महिने. पहिल्या दिवशीच्या आकड्यांचा कागद फाइलमध्ये जपून ठेवा आणि प्रत्येक वेळी खालच्या त्या दोन दातांचे आकडे त्याच्याशी ताडून बघा. सहाचे चार झालेले आईंनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचले की मावशींना काय सांगायचं ते त्याच ठरवतील.